क्षय वाचणाऱ्या बायका

क्षय हा शब्द आपल्या घरात येतो तो बहुतेक पंचांगातून. पर्वाच्या दिवसांत एखाद्या तिथीचा क्षय असला की उपवास आदल्या दिवशी धरायचा की दुसऱ्या, यावर फोनाफोनी होते. माझ्या आजीच्या पिढीला क्षय म्हणजे टीबी, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं नाही. प्रवचनात येतो तो कर्माचा क्षय. चौथा क्षय मला पन्नाशीनंतर भेटला, पदार्थविज्ञानातला. मराठी पुस्तकांत त्याला कुणी ऱ्हास म्हणतं, कुणी विघटन. मी मात्र क्षयच म्हणणार, कारण तो क्षयतिथीसारखा आहे. क्षयतिथी काही कुजलेली किंवा झिजलेली नसते. एका सूर्योदयानंतर ती सुरू होते आणि पुढचा सूर्योदय व्हायच्या आत संपते, एवढंच. मागची तिथी आणि पुढची तिथी यांचा हिशेब मांडला की मधली येऊन गेली हे कळतं. अणूच्या पोटातले कितीतरी कण असेच येऊन जातात.

माझी पदवी इतिहासाची. गणिताशी माझा संबंध दुधाच्या हिशेबापुरता. तरी या क्षयाच्या मागे लागले, कारण त्याचा इतिहास वाचताना पानोपानी बायका भेटू लागल्या, आणि त्या बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला, बारीक अक्षरात.

आधी हा क्षय काय ते सांगते. १८९६ साली पॅरिसमध्ये बेकरेल यांना दिसलं की युरेनियमच्या क्षारातून आपोआप किरण निघतात. पुढं मेरी क्युरींनी त्यावर आयुष्य वेचलं, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. १९०२ मध्ये रदरफोर्ड आणि सॉडी यांनी त्यातला नियम मांडला. नियम मोठा विचित्र. ढिगातले निम्मे अणू किती वेळात संपतील हे अचूक सांगता येतं, पण अमुक एक अणू कधी जाईल हे कुणालाच सांगता येत नाही. नागपंचमीला कढईत लाह्या करताना बघा, पुढचा दाणा कुठला फुटणार ते आपण सांगू शकतो का? फरक इतकाच की कढईतल्या दाण्याला आच लागलेली असते. कणाला काहीच लागलेलं नसतं. शिवाय तो म्हातारा होत नाही. लोणचं जुनं होत होत बिघडतं, माणूस थकत थकत जातो. पण जन्मून बराच वेळ झालेला कण आणि आत्ता जन्मलेला कण यांच्यात काडीचा फरक नसतो. दोघांचीही पुढच्या क्षणी जाण्याची शक्यता अगदी सारखी.

दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला आठवडा लागला. कण जातो तेव्हा त्यातून दुसरे कण निघतात. आपल्याला वाटतं, डाळिंबातून दाणे निघावेत तसे ते आधीच आत असणार. तसं नाही. इटलीच्या फर्मी यांनी १९३४ मध्ये सांगितलं की बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन आत बसलेला नव्हताच, तो त्या क्षणी जन्मला. दिव्यातून उजेड येतो म्हणून दिव्यात उजेड साठवून ठेवलेला असतो का? तसंच. एक जातो, दुसरे होतात, आणि विजेचा भार, ऊर्जा अशा काही गोष्टींची बेरीज मात्र आधी जेवढी तेवढीच राहते.

इथं आमच्या स्वाध्याय मंडळात एक-दोघींनी लगेच मान डोलावली. उत्पाद, व्यय, ध्रौव्य! पर्याय बदलतो, द्रव्य टिकतं, हे तर आपल्याकडे आधीच सांगितलंय. मला अशा वेळी जरा अवघडायला होतं. साम्य आहे, मनाला बरंही वाटतं. पण आपल्या आचार्यांनी जे सांगितलं ते मोक्षमार्गासाठी, आणि त्यांनी पुद्गलाच्या परमाणूचं आयुष्य सेकंदात मोजायला घेतलं नव्हतं. ज्यांनी मोजलं त्यांच्या श्रमाचं श्रेय त्यांना द्यावं. नाहीतर अदत्तादानाचा दोष आपल्यालाच.

तर मोजणी. हे वाचता वाचता आपला तळहात आकाशाकडे धरा. दर मिनिटाला साधारण शंभर म्युऑन त्याच्या आरपार जातात. अवकाशातून येणारे वेगवान कण हवेवर आदळतात, दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर, आणि तिथं हे म्युऑन तयार होतात. इलेक्ट्रॉनचाच भाऊ, पण दोनशेपट जड. त्याचं सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम २.२ भाग. इतक्या वेळात प्रकाशाच्या वेगानं धावलं तरी पाऊण किलोमीटरसुद्धा पार होत नाही. दहा किलोमीटरवरून एक कोटी निघाले तर साध्या हिशेबानं तिघंच खाली पोचायला हवेत. मग आमच्या डिचोलीच्या कौलांतून एवढे खाली येतात कसे?

याचं उत्तर कागदावर आधी मांडणाऱ्यांत मुंबईत जन्मलेला एक तरुण होता. होमी भाभा तेव्हा केंब्रिजला होते, वय अठ्ठावीस. १९३८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी एक छोटी टिपण पाठवली. असा जड कण आपोआप क्षय पावत असेल, तर तो म्हणजे एक घड्याळच. आणि आइन्स्टाइन म्हणतात तसं धावत्या घड्याळाचे काटे आपल्याला मंद दिसणार असतील, तर धावता कण आपल्या हिशेबानं जास्त जगायला हवा. १९४१ मध्ये अमेरिकेत रॉसी आणि हॉल यांनी उंच डोंगरावर आणि खाली शहरात मोजून पाहिलं, ते खरं निघालं. केवळ विचार करून, कण जायच्या वेळेवरून काळाची परीक्षा घेता येईल हे सुचणं मला फार मोठं वाटतं. भाभांची अणुभट्टीवाली ओळख सगळ्यांना असते. ही कमी लोकांना असते.

आता बायकांकडे येते.

त्या काळी हे कण पकडायची एक स्वस्त पद्धत होती. फोटोच्या काचेवर औषधाचा जाडसर लेप द्यायचा आणि ती काच डोंगरावर ठेवून यायची. कण लेपातून गेला की त्याच्या वाटेवर काळ्या ठिपक्यांची ओळ उमटते. काच धुतली की काम सुरू. सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणानं सरकवत अख्खी काच बघायची, कुठं ओळ थांबली, कुठं तिला फाटा फुटला, ते टिपायचं. दिवसचे दिवस. तांदळात खडे शोधण्यासारखंच, फक्त परात नखाएवढी. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांनी या कामाला मुलींना नेमलं. त्यांच्या पत्नी इझोबेलसुद्धा त्यात होत्या. १९४७ मध्ये त्यातल्याच मारिएटा कुर्झ या मुलीला एक खूण दिसली. एक कण येऊन थांबलेला, आणि तो थांबला तिथूनच दुसरा निघालेला. पायॉन जाऊन म्युऑन झाल्याचं ते पहिलं चित्र. १९५० चं नोबेल पॉवेल यांना मिळालं.

मारिएटाच्या कितीतरी आधी दार्जिलिंगला एका बंगाली मुलीनं अशाच काचा ठेवल्या होत्या. बिभा चौधुरी. जन्म १९१३ चा. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली तेव्हा वर्गात एकटीच मुलगी. देवेंद्रमोहन बोस यांच्या हाताखाली तिनं डोंगरावर महिनोन् महिने काचा ठेवल्या, उतरवल्या, तपासल्या. इलेक्ट्रॉनहून दोनशेपट जड अशा कणांच्या खुणा दोघांना सापडल्या आणि त्यावर त्यांचे निबंध ‘नेचर’मध्ये आले. पण युद्ध पेटलेलं. याहून चांगल्या काचा हव्या होत्या, त्या भारतात येईनात. काम तिथं अडलं आणि पुढं तेच काम चांगल्या काचांवर ब्रिस्टलला झालं. पॉवेल यांनी ग्रंथात बोस आणि चौधुरींच्या आधीच्या कामाची नोंद केली आहे, हा त्यांचा मोठेपणा. नोंद आणि नोबेल यांत मात्र अंतर असतं.

बिभा मग मँचेस्टरला गेल्या, डॉक्टरेटचं काम केलं, आणि १९४९ मध्ये भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. त्याच संस्थेत त्या वेळी गणितात आपले गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी होते. कोसंबींचं नाव गोव्यात शाळकरी मुलाला विचारलं तरी सांगेल. बिभा चौधुरींचं नाव १९९१ मध्ये त्या गेल्या तोवर त्यांच्या शहरातही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २०१८ मध्ये त्यांचं चरित्र आलं, २०१९ मध्ये एका ताऱ्याला ‘बिभा’ असं नाव दिलं गेलं. तारा देणं सोपं असतं, असं मला उगाच वाटून गेलं.

१९४९ मध्ये डिचोलीतल्या किंवा पेडण्यातल्या मुलीनं हे करायचं म्हटलं असतं तर? मी हा प्रश्न घरी विचारला तेव्हा सगळे हसले. पण उत्तर हसण्यासारखं नाही. तेव्हा इथं पोर्तुगीज राज्य. पणजीला वैद्यकीय शिक्षण होतं, ते जुनं. विज्ञानाची पदवी हवी तर बेळगाव, कोल्हापूर, मुंबई. १९५५ च्या सुमाराला भारतानं नाकेबंदी केल्यावर तिकडं जाणंही कठीण झालं. धेंपे आणि चौगुले ही कॉलेजं मुक्तीनंतरची, १९६२ ची. गोवा विद्यापीठ १९८५ चं. म्हणजे माझ्या सासूबाईंच्या वयाच्या मुलीला दारच नव्हतं, आणि माझ्या वयाच्या मुलीला दार होतं तर दारापर्यंत पोचवणारी बस नव्हती. आज पेडण्यात मोपाला विमानतळ आहे. दारं आणि रस्ते झाले. अडलं तर आता घरातच अडतं.

हे मी एका खऱ्या घराला धरून लिहिते आहे. पेडण्याच्या एका ओळखीच्या घरातली मुलगी एम.एस्सी. झाली, पदार्थविज्ञान घेऊन. तिला कणांच्या क्षयावर संशोधन करायचंय, आणि तेही प्रयोगशाळेत नाही, कागदावर. तिची आई माझ्याकडे आली. म्हणाली, “ताई, तुम्ही लिहिता-वाचता म्हणून विचारते. डॉक्टर झाली असती तर समजलं असतं. शिक्षिका झाली तरी चालेल. पण जे दिसत नाही, जे क्षणभरसुद्धा टिकत नाही, त्याच्यावर हिनं पाच-सहा वर्षं बसायचं? वय काय थांबणार आहे? आमच्याकडे आत्ताच दोन स्थळं विचारून गेली.”

मुलगी शेजारी बसली होती. ती एवढंच म्हणाली, “मावशी, तू वाचून बघ, मग आईला सांग.” म्हणून मी वाचायला घेतलं.

वाचता वाचता रोझमेरी ब्राऊन भेटल्या. १९४८, पुन्हा ब्रिस्टलच. वय बावीस. नवीन प्रकारच्या काचा आल्या होत्या आणि त्यातल्या एका काचेत या मुलीला एक खूण दिसली. एक कण जाऊन त्याचे तीन पायॉन झालेले. असं आधी कुणी पाहिलं नव्हतं. जानेवारी १९४९ मध्ये निबंध छापून आला, त्यावर पहिलं नाव ब्राऊन. त्याच वर्षी त्यांनी सहकारी पीटर फाउलर यांच्याशी लग्न केलं. हे रदरफोर्डचे नातू. रोझमेरींनी डॉक्टरेट सोडली. तीन मुली झाल्या, घर झालं.

त्यांनी टिपलेल्या त्या खुणेनं मात्र जगभरच्या सिद्धान्तवाल्यांची झोप उडवली. या कणाला तेव्हा टाऊ म्हणत. थीटा नावाचा दुसरा एक कण होता, तो जाताना दोन पायॉन ठेवून जाई. दोघांचं वजन तेच, आयुष्य तेच. म्हणजे एकच कण असणार. पण निसर्गाचे नियम आरशात पाहिले तरी तेच राहतात असा तेव्हा सगळ्यांचा पक्का विश्वास, आणि तो धरला तर एकच कण दोन्ही प्रकारांनी जाऊ शकत नाही. १९५६ मध्ये ली आणि यांग या दोन चिनी तरुणांनी म्हटलं, अशा क्षयात निसर्ग डावं-उजवं एक मानतो हे कुणी तपासलंय का? कुणीच नव्हतं. तपासलं ते चिएन-शिउंग वू यांनी, अमेरिकेत. नवऱ्याबरोबर ठरलेला परदेशप्रवास रद्द केला, त्याला एकट्याला पाठवलं आणि कोबाल्टचा क्षय मोजत बसल्या. निसर्ग डावं-उजवं एक मानत नाही असं निघालं. १९५७ चं नोबेल ली आणि यांग यांना. वू यांना नाही. मला राग आला, तो मी लपवत नाही.

पण ही गोष्ट रागापुरती नाही. कागदावरचा तर्क किती लांब जातो ते हिच्यात दिसतं. एका काचेवरच्या तीन रेघा, त्यावरून एक शंका, शंकेवरून एक प्रयोग, आणि शेकडो वर्षांचा विश्वास मोडला.

तर्क उलटाही जातो. हे सांगायलाच हवं, नाहीतर मुलीच्या आईची फसवणूक होईल. १९७३ मध्ये ओडिशाचे जोगेश पती आणि पाकिस्तानचे अब्दुस सलाम यांनी मांडलं की प्रोटॉनसुद्धा अमर नसावा. पुढच्या वर्षी अमेरिकेत जॉर्जी आणि ग्लॅशो यांनीही आपल्या वाटेनं तेच म्हटलं. प्रोटॉन म्हणजे आपण सगळे, दगड, माती, मूर्ती, सगळं. पहिल्या हिशेबात त्याचं आयुष्य एकावर तीस शून्यांच्या आसपास वर्षं यायचं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, म्हणजे त्यापुढे काहीच नाही. एवढं कोण थांबणार? पण युक्ती सोपी. एका प्रोटॉनजवळ तितकी वर्षं बसायचं नाही, तितके प्रोटॉन घेऊन त्यांच्याजवळ एक वर्ष बसायचं. आपल्या मुंबईच्या टाटा संस्थेनं जपानी शास्त्रज्ञांबरोबर कोलारच्या सोन्याच्या खाणीत हे केलं. १९८० च्या अखेरीस जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, १४० टन लोखंडाच्या थरांमध्ये कण मोजणाऱ्या नळ्या बसवल्या. खोल यासाठी की वरून येणारे म्युऑन खडकात अडावेत. डिचोलीत लोखंडाचं खनिज म्हणजे रस्त्यावरची तांबडी धूळ, ट्रकांची रांग आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरचे डाग. आमच्या खाणी उघड्या, पायऱ्यापायऱ्यांच्या. तेच लोखंड कुणी पाताळात नेऊन त्याच्या मरणाची वाट बघत बसलं होतं, हे वाचून मी थोडा वेळ गप्पच झाले.

कोलारला काही खुणा मिळाल्या, प्रोटॉन गेल्यासारख्या. इतर देशांच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. पुढं जपानमध्ये हजारो टन पाण्याजवळ वर्षानुवर्षं बसून पाहिलं. अजून एकही प्रोटॉन गेलेला दिसलेला नाही, आणि आता त्याचं आयुष्य निदान एकावर चौतीस शून्यं वर्षं असणार असं म्हणतात. सिद्धान्तांची पहिली घराणी त्यात बाद झाली. कुणाची तरी उमेदीची वर्षं त्यात गेली. याला वाया म्हणायचं का? आमच्याकडे बारा महिने व्रत करून फळ दिसलं नाही म्हणून व्रत वाया गेलं असं म्हणत नाहीत. पण हे उत्तर मी मुलीच्या आईला दिलं नाही, कारण ते फार सोयीचं आहे. मी तिला पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांच्याविषयी सांगितलं.

गोडबोलेबाई १९५२ च्या, पुण्याच्या, हुजूरपागेतल्या. १८८४ ची ही मुलींची शाळा, तिचा आपल्याला अभिमान. पण बाईंनी स्वतः सांगितलं आहे की त्यांच्या वेळी तिथं सातवीपर्यंत विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असायचं. शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची तर विज्ञान लागतं, म्हणून त्यांनी ते वेगळं शिकून घेतलं. पुढं स. प. महाविद्यालय, मग मुंबईचं आयआयटी, आणि अमेरिकेत स्टोनी ब्रुकला १९७९ मध्ये डॉक्टरेट. तिथं राहता आलं असतं. परत आल्या. टाटा संस्था, मग मुंबई विद्यापीठात तेरा वर्षं, आणि १९९५ पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. गृहशास्त्राला मी नावं ठेवणार नाही, माझं आयुष्य त्यातच गेलंय आणि त्यालाही अक्कल लागते. पण कुणाला काय शिकवायचं हे ती मुलगी आहे यावरून ठरवणं, हे मात्र साफ चूक.

त्यांचं सगळं काम मला समजलं असं म्हणणार नाही. एक मात्र त्या पेडण्याच्या मुलीनं मला पाटावर बसवून, पोळ्या लाटता लाटता समजावलं, ते सांगते. टॉप क्वार्क नावाचा एक कण १९९५ मध्ये अमेरिकेत सापडला. आपल्याला माहीत असलेल्या मूलकणांत हा सगळ्यात जड. एकटा, पण जवळजवळ सोन्याच्या अख्ख्या अणूच्या वजनाचा. आयुष्य किती? शून्यानंतर दशांशचिन्ह, मग चोवीस शून्यं, मग पाच, इतके सेकंद. इतर क्वार्क जन्मले की लगेच दुसऱ्यांशी जोडले जातात, संसारात पडतात, आणि त्यांची मूळची फिरकी कशी होती ते त्या गर्दीत हरवतं. टॉपला तेवढीही फुरसत नाही. जोडला जायच्या आत तो जातो. म्हणून त्याची फिरकी शाबूत राहते आणि त्याच्या क्षयातून निघणाऱ्या लेकी ती सांगू शकतात. यातली सगळ्यात नीट सांगणारी लेक म्हणजे विजेचा भार असलेला हलका कण, इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन. तो कुठल्या दिशेला गेला यावरून टॉप जन्मताना कसा फिरत होता ते कळतं, आणि त्यावरून त्याला जन्म देणाऱ्या टकरीत काही नवं, न पाहिलेलं घडलं होतं का ते शोधता येतं.

पण एक शंका राहते. टॉपच्या क्षयातच काही अनोळखी भानगड असेल तर? मग लेकीच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा? गोडबोलेबाईंनी सौरभ रिंदाणी आणि रितेश सिंग यांच्याबरोबर २००६ मध्ये हा हिशेब मांडला. क्षयात थोडीफार भानगड असली तर त्या लेकीची ऊर्जा बदलते, पण तिच्या दिशांच्या वाटणीवर जवळजवळ परिणाम होत नाही. म्हणजे आई गेली कशी यात घोळ असला तरी आई जन्मली कशी हे ही लेक खरंच सांगते. मुलगी हे सांगताना लाटणं हातात धरून थांबली होती. पोळी तव्यावर करपली, कुणाचं लक्ष नव्हतं.

मला त्यातलं हे आवडलं की काम साक्षीचं आहे. जे पाहता येणार नाही त्याविषयी कोण विश्वासानं सांगेल, कुठल्या गोष्टीत सांगेल, आणि कुठल्या गोष्टीत तिचं ऐकू नये, हे आधी कागदावर ठरवायचं. मग जिनिव्हाच्या यंत्रात टकरी होतात तेव्हा मोजणाऱ्यांना कुठं बघायचं ते कळतं. ४ जुलै २०१२ ला हिग्ज सापडला म्हणून जगभर बातम्या आल्या. हिग्ज कुणाच्या डोळ्यांना दिसला नव्हता. तो जाताना दोन प्रकाशकण ठेवून गेला, कधी चार हलके कण ठेवून गेला, त्या खुणा मोजल्या होत्या. त्या चार कणांच्या कोनांवरून हिग्जचा स्वभाव कसा ओळखायचा, यावर गोडबोलेबाईंचा आणि सहकाऱ्यांचा निबंध त्याआधी पाच वर्षं येऊन गेला होता.

त्यांनी आणखी एक केलं. २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासह ‘लीलावतीज डॉटर्स’ नावाचं पुस्तक संपादित केलं. शंभराच्या आसपास भारतीय स्त्री शास्त्रज्ञांच्या हकिकती त्यात आहेत. लग्न, बदल्या, मुलं, मार्गदर्शक मिळण्याची मारामार, सगळं मोकळेपणानं. स्त्रियांना विज्ञानात टिकता यावं म्हणून संस्थांनी काय बदलावं, पाळणाघर कुठं असावं, वयाची अट कुठं सोडावी, हे त्या सरकारच्या समित्यांवर बसून सांगत राहिल्या. २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. मला वाटतं, बिभा चौधुरींचं काय झालं ते त्यांना नीट कळलेलं होतं. हिशेब करणारीनं हिशेब करणाऱ्या इतर जणींचीही नोंद ठेवायची असते.

२०२४ च्या जुलैमध्ये ब्रिस्टल विद्यापीठानं रोझमेरी फाउलर यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. वय ९८. पदवी त्यांच्या राहत्या गावाजवळ नेऊन दिली. पंचाहत्तर वर्षांनी. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला रोहिणी गोडबोले पुण्यात गेल्या, एकाहत्तराव्या वर्षी.

हे सगळं मी पेडण्याच्या त्या आईला चार-पाच वेळा मिळून सांगितलं, एका दमात नाही. रोझमेरींच्या तीन मुली ऐकून ती म्हणाली, “मग घरही झालंच ना तिचं.” झालं, म्हटलं, पण तिच्या मनात दोन्ही होतं का ते पंचाहत्तर वर्षं कुणी विचारलं नाही. यावर ती काही बोलली नाही. स्थळं अजून येतात. मुलीनं प्रवेशपरीक्षा दिली आहे, बंगळूरहून मुलाखतीचं बोलावणं आलंय.

परवा रात्री आईचा फोन आला. मला वाटलं, पुन्हा वयाचंच विचारणार. तिनं विचारलं की बंगळूरच्या वसतिगृहात कांदा-लसूण-बटाट्याशिवायचं जेवण मिळतं का, आणि मोपाहून सकाळचं विमान धरलं तर मुलाखतीच्या दिवशीच पोचता येईल की आदल्या दिवशी जावं लागेल. आदल्या दिवशी जा म्हटलं. चतुर्दशी होती, तिनं पंचांग काढून बघितलं.